तान्ह्या बाळाचे घरच्या घरी फोटो: उजेड, झोप आणि पुष्कळसा धीर

माझा भाचा नऊ दिवसांचा होता तेव्हा त्याच्या उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली होती. पोटात अंग चोरून राहिलेल्या बाळांचे कान कधी कधी असे दुमडलेले असतात. महिन्याभराने पाहिलं तर कान चारचौघांसारखा सरळ. त्या दुमडलेल्या कानाचा एकच फोटो माझ्याकडे आहे, आणि तोही कान दिसला म्हणून काढलेला नाही. दुपट्याचा रंग कसा येतोय ते बघायला मी बटण दाबलं आणि कोपऱ्यात कान आला. त्या दिवशी मी दीडशेच्या वर फोटो काढले होते. टोपी घालून, टोपी काढून, शेजारी फुलं ठेवून. आज घरात सगळे पुन्हा पुन्हा मागतात तो कानाचाच.

तेव्हापासून नवजात बाळाचे फोटो काढताना मी एक गोष्ट मनाशी पक्की धरते: जे लवकर जाणार आहे ते आधी टिपायचं. खांद्यावरची बारीक लव, घोट्याशी निघालेले त्वचेचे पोपडे, नाळेचा वाळलेला तुकडा, पोटाशी घेतलेले पाय, कायम वळलेल्या मुठी. दोन-चार आठवड्यांत यातलं बरंचसं दिसेनासं होतं. टोपी पुढच्या महिन्यातही घालता येते.

कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी

साधारण पाचव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. बाळ या दिवसांत गाढ झोपतं, आपोआप अंगाची जुडी करतं आणि अलगद हलवलं तर बहुधा उठत नाही. दोन-तीन आठवड्यांनंतर काही बाळांच्या गालांवर बारीक पुरळ येतं आणि पाय सरळ करून पडायची सवयही लागते. पहिल्या चार दिवसांत मात्र आईला विश्रांती हवी असते आणि दूध पाजण्याचं गणित बसायचं असतं. तेव्हा फोनवर सहज निघतील तेवढेच फोटो काढावेत. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर हे दिवस मोजू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा. आणि दोन आठवडे हातचे गेले असतील तरी वाईट वाटून घेऊ नका. महिन्याचं बाळ जागेपणी टक लावून बघतं, आणि ते डोळे नवव्या दिवशी मिळत नाहीत.

दिवसातली वेळ दोन गोष्टींवर ठरते: खिडकीतला उजेड आणि दूध. आदल्या दिवशी दर तासाने घरातल्या खिडक्यांकडे नुसतं पाहून ठेवा. कुठे भरपूर पण सौम्य उजेड येतो, कुठे थेट ऊन पडतं, कुठे समोरच्या भिंतीचा रंग आत येतो, हे एका दिवसात कळतं. मग त्या वेळेच्या जवळचं दूध झालं, ढेकर काढून झाली की सुरुवात करायची. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, त्यामुळे एक संधी हुकली तरी दुसरी येते. बाळाला फोटोसाठी झोपवायचा आटापिटा करू नका.

खिडकी हाच तुमचा दिवा

या एका गोष्टीवर तुमचे निम्मे फोटो सुधारतील, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिलं काम म्हणजे खोलीतले सगळे दिवे बंद करणं. घरातल्या पिवळसर दिव्यांचं रंगतापमान (उजेड किती पिवळा किंवा निळा ते सांगणारं माप) साधारण २७०० ते ३००० केल्व्हिन असतं आणि दिवसाउजेडाचं ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की बाळाचा एक गाल निळसर आणि दुसरा नारिंगी दिसतो. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दुरुस्त करता येत नाही, आणि नंतर तुम्हालाही नाही.

थेट ऊन नको. उन्हाची तिरीप आत येत असेल तर पांढरा पातळ पडदा किंवा पांढरी चादर खिडकीवर सोडा. सगळी खिडकीच एक मोठा मऊ दिवा होते. हिरवे, लाल पडदे बाजूला सारा, कारण त्यांचा रंग थेट त्वचेवर उतरतो. गडद रंगाच्या भिंतीला अगदी लागूनही बाळाला ठेवू नका.

आता दिशा. माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली होती. भाच्याचे पाय खिडकीकडे आणि डोकं आत, असं ठेवून मी तासभर फोटो काढले. उजेड हनुवटीखालून वर येत होता, नाकपुड्या उजळलेल्या आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. चेहरा ओळखू येईना. उजेड नेहमी डोक्याच्या बाजूने पायांकडे उतरायला हवा, तोही तिरपा. बाळाचं डोकं खिडकीच्या जवळ, पाय लांब, आणि शरीर खिडकीच्या कडेशी साधारण ४५ अंशांत. मग भुवईची सावली हलकीशी, नाकाखाली छोटी सावली आणि गालाला गोलाई येते.

बाळ आणण्याआधी हे तपासायला सोपी युक्ती आहे. स्वतःची मूठ वळून त्या जागी धरा आणि हळूहळू फिरवा. बोटांच्या पेरांवर सावली कुठून कुठे जाते ते बघा. जिथे पेरं गोल दिसतात आणि सावलीची कड मऊ असते, तिथे बाळाचं डोकं. खिडकीपासून दोन ते चार फूट अंतर बहुतेक घरांत पुरतं. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर किंवा पांढरा पुठ्ठा उभा केला की अंधारी बाजूही थोडी उघडते. पूर्ण उघडू नका, थोडी सावली राहू द्या. नाहीतर चेहरा सपाट होतो.

फ्लॅश बंदच ठेवा. त्याने बाळ दचकतं, आणि समोरून येणारा तो कडक प्रकाश चेहऱ्याची सगळी गोलाई खाऊन टाकतो.

खोली आणि हात

बाळाला कमी कपड्यांत ठेवणार असाल तर खोली २४ ते २६ अंश सेल्सियस असावी. तान्ह्या बाळाच्या शरीरातली उष्णता फार लवकर निघून जाते. हातपाय गार लागले म्हणजे बाळाला थंडी वाजतेय असं नाही. छातीवर किंवा पाठीवर हात ठेवून बघा. पाठ ओलसर, मान घामेजलेली असेल तर उकडतंय. हीटर लावलाच तर लांब, आणि त्याची हवा थेट बाळावर नको. गरम पाण्याच्या पिशवीने दुपटं ऊबदार करून ठेवता येतं, पण बाळ ठेवण्याआधी पिशवी काढून कापडाला मनगट लावून बघायचं.

हात साबणाने धुवा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यावा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात किंवा मनगटात अडकवलेलाच हवा, फोनला दोरी असेल तर फारच बरं. बाळाच्या बरोबर वरून फोटो काढायचा मोह होतो. पण खुर्चीवर चढून, खाली वाकून, पट्ट्याशिवाय कॅमेरा धरणं मला कधीच मान्य नाही. लेन्सचं झाकणसुद्धा आधी काढून बाजूला ठेवा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. डायपर आणि मोज्यांच्या इलॅस्टिकचे वळ बाळाच्या त्वचेवर बराच वेळ राहतात. पायांचे फोटो हवे असतील तर मोजे अर्धा तास आधीच काढा, डायपरही थोडा सैल करा आणि वरून पातळ दुपटं टाका.

झोप वाचायला शिका

सगळी झोप सारखी नसते. नवजात बाळाची जवळपास निम्मी झोप चळवळी असते: पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास कमीजास्त होतो, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच कोपऱ्यातून हसू फुटतं. ते झोपेतलं हसू हवं असेल तर हीच वेळ. कॅमेरा तयार ठेवून चेहऱ्यावर नजर ठेवा, कारण हसू दोन सेकंदांत विरतं.

गाढ झोपेत श्वास एकसारखा होतो, चेहरा निश्चल आणि हात जड. बाळाचा हात अलगद चार बोटं वर उचलून सोडा; तो पिसासारखा न तरंगता सरळ खाली पडला तर झोप गाढ आहे. हात सरकवणं, कपडा बदलणं, बोटं उलगडणं हे सगळं आता. झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचं असतं, तेव्हा गाढ झोपेचा पट्टा तसा छोटाच मिळतो. काय काय काढायचं ते आधी ठरलेलं असावं.

खाली ठेवताना बाळ एकदम हात फाकून दचकतं, पुन्हा हात जवळ घेतं आणि रडायला लागतं. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे; बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ साली तिचं वर्णन केलं म्हणून तिला मोरो रिफ्लेक्स म्हणतात. डोक्याचा आधार एकदम सुटल्यासारखा वाटला की ती उसळते. म्हणून आधी पाय आणि कुल्ले टेकवा, मग पाठ, सर्वांत शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच काढू नका, दुसरा तळवा छातीवर ठेवून दहा श्वास थांबा. मगच एकेक बोट सोडवत हात काढा.

पोझ: जेवढी कमी तेवढी चांगली

इंटरनेटवर एक फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: बाळ दोन्ही कोपरांवर उभं, हनुवटी तळव्यांवर टेकलेली. बाळ स्वतःचं डोकं असं पेलत नाही. तो किमान दोन फोटोंचा जोड असतो. एकात कुणी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं, आणि मग धरणारे हात पुसून टाकलेले. घरी तो करून बघू नका. झोळीत टांगलेलं, फांदीवर ठेवलेलं, काचेच्या भांड्यात बसवलेलं, यातलंही काही नको.

घरी चार स्थिती पुरतात: पाठीवर, कुशीवर किंचित कललेलं, कुणाच्या छातीवर, आणि कुणाच्या दोन हातांत. पाठीवरचं बाळ सर्वांत सुरक्षित. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने १९९२ मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, आणि पाठीवर, सपाट घट्ट गादीवर झोपवणं हाच आज जगभरातला सल्ला आहे. फोटोपुरतं कुशीवर किंवा पालथं ठेवलं तर एका मोठ्या माणसाचा हात सतत बाळाच्या अंगावर हवा, आणि फोटो झाला की लगेच उताणं. मऊ उशा, लोकरीचे तुकडे, फुलं हे सगळं फोटोनंतर उचलून ठेवा. त्यात बाळाला झोपू द्यायचं नाही.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, हनुवटी छातीवर रुतलेली नको. श्वासाची वाट मोकळी राहायला मधे दोन बोटांची फट हवी. दोन, गुंडाळताना छातीशी कापड नीटस बसवा पण पाय आत बेडकासारखे दुमडलेले आणि हलते राहू द्या. पाय सरळ ताणून आवळले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. पावलं जांभळट दिसू लागली तर स्थिती बदला. बाळ कुरकुरलं तर फोटो संपले, एवढा साधा नियम ठेवा.

दुपटं एका रंगाचं, नक्षी नसलेलं, बाहेर लेबल न आलेलं. फिकट साय रंग, राखाडी, मातकट हे सगळ्या कांतींवर शोभतात. भडक गुलाबी किंवा पोपटी कापडाचा रंग हनुवटीखाली उमटतो.

फोन असो की कॅमेरा

फोनने काढणार असाल तर लेन्स मऊ कापडाने पुसा. अर्धे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने होतात. त्वचा गुळगुळीत करणारं ब्यूटी फिल्टर बंद करा; पोपडे आणि लव पुसायला ते टपलेलं असतं. शटरचा आवाज बंद. फोनच्या स्क्रीनवर बाळाचा जवळचा डोळा दिसतो तिथे बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि प्रकाश तिथेच पक्के होतात. मग बोट वर-खाली सरकवून प्रकाश कमीजास्त करा. पांढऱ्या दुपट्यावर फोन फोटो काळपट करतो, गडद दुपट्यावर फाजील उजळ. तेवढं हाताने सुधारायचं.

फार जवळ जाऊ नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, वीतभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे पळालेले दिसतात. दोन-तीन फूट मागे सरा आणि फोनला २एक्स किंवा ३एक्सची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. नसेल तर नंतर फोटो कापा, तेही चालतं. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो पण जावळ आणि कानाच्या कडा खातो. जवळचे तपशील टिपताना तो बंद बरा.

कॅमेरा असेल तर ५० मिमीची साधी लेन्स पुष्कळ झाली. छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट; एफचा आकडा लहान तेवढी ती मोठी) एफ २.८ ते एफ ४. एफ १.८ वर मागचं सुंदर विरघळतं खरं, पण एक डोळा तेज आणि दुसरा धूसर येतो. शटर, म्हणजे ती वाट किती वेळ उघडी राहते ते, झोपलेल्या बाळासाठी १/१२५ सेकंद, जागं असेल तर १/२५० किंवा त्याहून जलद. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० पर्यंत बेधडक वाढवा. थोडे दाणे आले तर हरकत नाही, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. पायांच्या बोटांसाठी शक्य तितकं जवळ जा, आणि मॅक्रो (अगदी जवळून काढायच्या) मोडमध्ये फोनची स्वतःचीच सावली पडत असेल तर मागे येऊन झूम लेन्स वापरा.

कोन हा शेवटचा मुद्दा. कॅमेरा पायांच्या बाजूला नेला की नाकपुड्यांचा फोटो येतो. कपाळाच्या किंचित वरच्या बाजूला उभं राहा, म्हणजे कपाळ, पापण्या, नाक, ओठ असे एकाखाली एक उतरताना दिसतील. आणि एकदा तरी जमिनीवर झोपा, कॅमेरा गादीच्या पातळीवर आणा. त्या उंचीवरून बाळ खेळण्यासारखं न दिसता माणूस दिसतं.

काय काय टिपायचं

गाढ झोपेत आधी तपशील: मूठ, मुठीतून डोकावणारा अंगठा, बोटांच्या टोकांबाहेर वाढलेली कागदासारखी नखं, तळपायाच्या सुरकुत्या, टाळूवरचं जावळ, कानामागची मऊ जागा, खांद्याची लव. ही लव समोरून दिसत नाही. बाळाला असं ठेवा की खिडकी खांद्याच्या मागे येईल आणि मागचं दृश्य गडद असेल; मग सोनेरी काठासारखी उजळून उठते. नाळेचा तुकडा बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांत गळतो. कुणाला तो पाहवत नाही, कुणाला जपून ठेवावासा वाटतो. मी फोटो काढते. ठेवायचा की नाही ते आईबाबा नंतर ठरवतात.

बाळ किती लहान होतं हे पुढे कुणालाच खरं वाटत नाही, म्हणून मापाला मोठा हात हवा. वडिलांच्या तळव्यात अख्खं पाऊल. आजोबांच्या करंगळीभोवती पाच बोटं. तळव्यात बोट ठेवलं की बाळ आपोआप पकडतं. हे धरणारे हात धुतलेले पण नटवलेले नसावेत. नखांत काम राहिलं असेल तर राहू द्या.

आता आई. कॅमेऱ्याचा शोध लागल्यावर सुरुवातीच्या काळात एक फोटो उमटायला कित्येक सेकंद लागत, बाळ हललं की फोटो फुकट. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत आईला कापडाखाली झाकून खुर्चीसारखं बसवत आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवत. असे शेकडो फोटो आज संग्रहांत आहेत. आईचे हात बाळाला सावरतात आणि चेहऱ्यावर कापड. माझ्या त्या दीडशे फोटोंत बहीण एकाही फोटोत धड नव्हती. एकात कोपर, एकात ओढणीची कड. केस विंचरले नाहीत, डोळे सुजलेत, असं ती म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिले. ऐकायला नको होतं. नुसती मान आणि गाल घ्या, खिडकीकडे पाठ करून बाळाला खांद्यावर घेतलेली छायाकृती घ्या, पाजून झाल्यावर छातीवर डुलकी लागलेल्या बाळाच्या केसांवर टेकलेली हनुवटी घ्या. तिला विचारून, तिला दाखवून, पण आई फोटोत हवीच.

बाळ जागं असताना त्याला २० ते ३० सेंटीमीटरवरचं सर्वांत नीट दिसतं, म्हणजे कडेवर घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याइतकं. कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. आईला तेवढ्या अंतरावर हळू बोलू द्या आणि तुम्ही बाजूने दोघांची नजर टिपा.

नंतरचं काम

निवड निर्दय हवी. शंभरातले बारा ठेवले तर बारा बघितले जातात. सुधारणा थोडी: उजेड किंचित वाढवा, रंग जरासे ऊबदार करा, लालसरपणा थोडा उतरवा, दुधाचा वाळलेला थेंब पुसा. त्वचा घासूनपुसून मेणाची करू नका. चट्टे फारच दिसत असतील तर कृष्णधवल करून बघा, पुष्कळदा फोटो तिथेच उभा राहतो. कापताना कड बोटांच्या सांध्यावर येऊ देऊ नका. एकतर अख्खं पाऊल घ्या किंवा खूप जवळ जा.

फोटो पिवळा आला तर आधी बाळाकडे दिवसाउजेडात नीट बघा. कावीळ पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांनाही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. तरी अंग किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा वाटला तर डॉक्टरांना दाखवायचं. फोटोवरून काही ठरवू नका, आणि डॉक्टरांना न दाखवता फोटोतला पिवळा रंग काढून समाधानही मानू नका.

११ जून १९९७ रोजी सॉफ्टवेअर उद्योजक फिलिप कान यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रसूतिगृहातून आपल्या नुकत्या जन्मलेल्या मुलीचा फोटो डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडून दोन हजारांवर लोकांना पाठवला. मोबाइलवरून लगोलग पाठवलेला तो पहिला फोटो मानला जातो. आज ते एका बोटाचं काम आहे, म्हणूनच आधी थांबा. फोनच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद करा. उघड्या अंगाचे फोटो घराबाहेर पाठवू नका. कुणाला काय पाठवायचं ते आईबाबांनी ठरवायचं, बाकीच्यांनी विचारायचं. मेसेजमधून साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, तेव्हा घरच्यांना मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून द्या.

तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. आणि थोडे छापून घ्या. ४×६ इंचाच्या चांगल्या छपाईला १२०० × १८०० पिक्सेल पुरतात, कुठलाही फोन त्याहून जास्त देतो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने, दाब न देता, तारीख लिहा, बाळ त्या दिवशी किती दिवसांचं होतं ते लिहा, आणि फोटोत हात कुणाचा आहे तेही.